पंधरा दिवस कळ काढा

"दवाखान्यात जा. आत्ता, या क्षणी," शिंपीणबाईनं टाइप केलं आणि फोन शिलाई मशीनवर आपटला.

कोटाची बाही सुईखाली तशीच अडकून राहिली. गिऱ्हाईक चारला येणार होतं. येऊ दे! इथे एका पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

ग्रुप होता वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांचा. तिथे खऱ्या नावानं कुणीच वावरत नसे. शिंपीणबाई तिथली 'सुईदोरा'. पाच वर्षांपूर्वी तिचंही ऑपरेशन झालं होतं आणि स्वतःचे कपडे तिनं चार वेळा उसवून आत घेतले होते. आज हटून बसलेली पोरगी म्हणजे 'नवी पालवी'. ऑपरेशनला पाच आठवडे झालेले, उलट्यांना बारा दिवस. आता पाणीही पोटात ठरत नव्हतं.

"पण चिमणीताईंनी पंधरा दिवस सांगितलेत," पालवीचं उत्तर आलं. "अजून तीनच राहिले."

चिमणी! शिंपीणबाईचं डोकंच सणकलं. ग्रुप उघडला की सगळ्यात वर तीच पोस्ट, तीन वर्षं चिकटून बसलेली. 'उलट्यांना घाबरू नका. घोटघोट पाणी घ्या आणि पंधरा दिवस कळ काढा. दवाखान्यात धावलात तर परत पोट उघडतील. मी कळ काढली, आज ठणठणीत आहे.' खाली हजारभर बदाम. चिमणी दोन वर्षांत ग्रुपवर फिरकली नव्हती, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"सुईदोरा, झालं का तुमचं पालुपद सुरू?" 'हलकीफुलकी' मध्ये पडली. "डॉक्टरांनी नेमलंय का तुम्हाला, नव्या पोरींना घाबरवायला?"

"बारा दिवस उलट्या होणं साधं नाही. ती पोस्ट चुकीची आहे. काढून टाका."

"चिमणीच्या जिवावर आम्ही सगळ्या तरलो. तुम्ही कोण?"

ग्रुप चालवणारे 'मास्तर' नेहमीसारखे हात झटकून मोकळे झाले. "नियम साधा आहे. जिनं पोस्ट लिहिली तिनंच ती काढायची. चिमणीला घेऊन या, मग बोलू."

नवरा चहा घेऊन दुकानात आला. तिचा चेहरा पाहूनच त्यानं ओळखलं.

"परत चिमणी? सवत असल्यासारखी डाफरतेस तिच्यावर. तुझ्या उलट्याही थांबल्याच होत्या की तेव्हा."

"माझं नशीब चांगलं."

चहा ठेवायला जागा करताना त्यानं कोपऱ्यातली वायर उचलली. "आणि हा जुना फोन अजून चार्जिंगला कशाला?"

"मापं आहेत त्यात."

"मापं तर तू वहीत लिहितेस."

तिनं वायर त्याच्या हातून घेऊन परत कोपऱ्यात ठेवली. तो फार खोदून विचारणाऱ्यातला नव्हता. गेला.

मापांची वही समोरच पडली होती. त्यातल्या एका पानावर वर फक्त 'धाकटी' असं लिहिलेलं. कंबर बेचाळीस, अडतीस, तेहतीस. पुढच्या ओळी कोऱ्या. शेवटचं माप घेताना शिंपीणबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली होती. "वा गं, डाएट चांगलंच मानवलं की तुला!" धाकटी नुसती हसली होती.

तिनं पालवीला वेगळा मेसेज केला. "बाळा, माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. ऑपरेशन केल्याचंही तिनं मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सगळं टाकून धावले असते. फार उशीर झाला गं. तू तरी ऐक."

पालवीची अक्षरं आली, चुकतमाकत.

"वाईट वाटलं. पण मला चिमणीताईंच्या पोस्टनंच धीर दिला. डोळ्यांपुढे सगळं दोन दोन दिसतंय. पायही लटपटतात. जरा झोपते."

"झोपू नकोस! जवळ कोण आहे?"

"मैत्रीण. तीही दवाखाना दवाखाना करतेय. चिमणीताई म्हणाल्या तर लगेच जाईन. तुमच्या म्हणण्यावर नाही. रागावू नका."

शिंपीणबाईला रडूच फुटलं. धाकटीच्या वेळी असंच सगळं दोन दोन दिसत होतं म्हणे. पुढे दोन दिवसांत खेळ आटोपला.

तिनं दुकानाचं दार आतून लावलं. कोपऱ्यातला जुना फोन हातात घेतला. दोन वर्षं ती तो चार्ज करत होती आणि दोन वर्षं उघडायचं टाळत होती. आज उघडला. पासवर्ड बोटांना पाठ होता.

चार ओळी लिहायला तिला दहा मिनिटं लागली.

मशीनवरचा फोन वाजला. पालवी.

"सुईदोराताई! चिमणीताईंचा स्वतःचा मेसेज आला! म्हणतात, पोस्ट चुकीची होती, ऊठ आणि आत्ताच्या आत्ता जा. मैत्रिणीनं गाडी बोलावली. निघालोच."

पाठोपाठ ग्रुपवर एकच गलका. चिमणीची पोस्ट गायब! मास्तरांनी नुसतंच आश्चर्याचं तोंड टाकलं.

शिंपीणबाईनं डोळे पुसले. सुटली पोरगी. आता जुना फोन बंद करायचा तेवढा राहिला. पालवीला पाठवलेल्या मेसेजच्या खाली आणखी एकच संभाषण होतं, दोन वर्षांपूर्वीचं. नको नको म्हणता बोट त्यावर पडलंच.

"चिमणीताई, आज बारावा दिवस. सगळं दोन दोन दिसतंय. थोरलीला सांगितलं नाही, ती सगळं टाकून धावत येईल. तिला सांगू का?"

आणि त्याखाली शिंपीणबाईचंच उत्तर: "घरच्यांना कशाला उगीच घोर? तीनच दिवस राहिले बाळा, कळ काढ."