टाकीचा उपास

"हे काय आहे?" डॉक्टर व्हिव्हियानाने माशांच्या टाकीच्या काचेवर नख आपटलं. "सांग ना, काय आहे हे?"

एदेलमीराला तेच तर कळत नव्हतं. सकाळी सातला तिने दवाखाना उघडला तेव्हा टाकीतली वाळू पांढरीशुभ्र होती. तरी तिने काच आतून घासली, तळाशी राहिलेलं नळीने ओढून काढलं. आणि आता अकरा वाजता त्याच वाळूवर तपकिरी शेंबूड पसरला होता. पोवळ्यांवरून त्याचे धागे लोंबत होते, धाग्यांच्या टोकांना बुडबुडे.

"सकाळी नव्हतं, डॉक्टरबाई."

"म्हणजे चार तासांत उगवलं?"

"हो."

गालाला हात लावून बसलेली एक पेशंट दातदुखी विसरून हसली. एदेलमीराला स्वतःचंच बोलणं खोटं वाटलं. रोज रोज चोर म्हटलं की माणूस आपलेच खिसे चाचपायला लागतो.

"फरशीचं फडकं घातलंस आत? साबणाचा हात?"

"नाही हो."

"मग टाकीतल्या गोगलगायी कशाने मेल्या? तुमच्या बोकाचिकात चालत असेल असली घाण, इथे चालणार नाही. आज टाकीवाला विल्फ्रीदो येतोय. त्याने तुझं नाव घेतलं तर उद्यापासून येऊ नकोस."

बोकाचिका म्हणजे एदेलमीराचं बेटावरचं गाव. ती रोज पहाटेच्या होडीने तिथून कार्ताहेना शहरात कामाला येते. घराच्या पायरीला समुद्र लागतो तिच्या, आणि हातभर टाकीतलं खारं पाणी तिला शिकवतंय! पण शिकवत होतं, हेही खरं. असला शेंबूड तिने जन्मात पाहिला नव्हता.

विल्फ्रीदो आला. बँका, हॉटेलं, दवाखाने, सगळ्यांच्या टाक्या तोच बघायचा. विजार मिठाने कायम पांढरी. त्याने थोडा शेंबूड बाटलीत ओढून घेतला.

"नुसतं बघून मीही फसतो," तो म्हणाला. "ताई, कॉफी गाळायचं फडकं आहे?"

तिने पेशंटांसाठीच्या कॉफीचं फडकं आणून दिलं.

"आज सगळ्यांना खारट कॉफी," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. धागे तुटेपर्यंत त्याने बाटली खळखळून हलवली, पाणी फडक्यातून पेल्यात गाळलं आणि पेला दिव्याखाली ठेवला. "शेवाळ असेल तर फडक्यातच राहील. तासाभराने पेल्यात पुन्हा धागे जमले, तर हे वेगळंच प्रकरण आहे."

त्या तासात डॉक्टरने दोन दाढा काढल्या. एदेलमीराने तीच फरशी तीनदा पुसली. दर खेपेला पेल्याकडे बघत होती. धागे जमावेत म्हणून देवाला सांगायचं की जमू नयेत म्हणून, हेच तिला ठाऊक नव्हतं.

धागे जमले.

"जीव आहेत हे," विल्फ्रीदो म्हणाला. "एकेकटा डोळ्याला दिसत नाही. रात्री सुटे होऊन पाण्यात जातात, दिवा लागला की पुन्हा वाळूवर येऊन चिकटतात. विषारी असतात. गोगलगायी यांनाच खाऊन मेल्या."

म्हणजे सकाळी खरंच नव्हतं. एदेलमीराने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर पेल्याकडे बघत होती.

"पण घाणीमुळेच आले ना?"

"उलट. पाण्यात काही उरलंच नाही म्हणून आले. माशांना खाणं किती?"

"एक दिवसाआड एक चिमूट," एदेलमीरा म्हणाली. "पाणी आठवड्यातून दोनदा बदलते."

"कुणी सांगितलं?"

टाकीच्या कडेला कागद चिकटवलेला होता, डॉक्टरच्या अक्षरातला. विल्फ्रीदोने तो वाचला आणि शीळ घातली.

"उपास घडवलात टाकीला. हिरवं शेवाळ उपाशी मेलं, त्याच्या जागेवर हे येऊन बसले. आता महिनाभर पाणी बदलायचं नाही, काच घासायची नाही. खाणं दुप्पट. हिरवं येऊ द्या."

"हिरवं? माझ्या दवाखान्यात?"

"आमच्याकडचे खडक सगळे हिरवेच," एदेलमीराच्या तोंडून निघून गेलं. "मासे दिवसभर तेच खातात. समुद्राला कोण घासतं, डॉक्टरबाई?"

विल्फ्रीदो खो खो हसला. डॉक्टर हसली नाही.

तो गेला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. असल्या लोकांत मागायची पद्धत नसते. डॉक्टरने कागद सोलून काढला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात टाकला.

"ऐक," आत जाता जाता ती म्हणाली. "तीन वाजता बँकेच्या मॅनेजरची बायको येतेय. काच पुसून ठेव."

"पण ते आत्ताच म्हणाले—"

"नोकरी त्याची करतेस की माझी?"

दार लागलं. आत दात कोरायचं यंत्र घरघरू लागलं.

एदेलमीरा ओलं फडकं हातात घेऊन उभी राहिली. घासलं तर उद्या अकराला पुन्हा तेच, आणि दोष तिचा. नाही घासलं तर आजच दोष तिचा. मग तिने फडकं पिळलं आणि काच बाहेरून पुसायला घेतली. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून. बोटांचे ठसे गेले, डॉक्टरच्या नखाची खूण गेली. शेवटी काच नसल्यासारखीच झाली आणि आतला एकेक बुडबुडा मोजता येऊ लागला.

"पुसलीस का?" आतून आवाज आला.

"पुसली, डॉक्टरबाई."

टाकीच्या कडेला कागदाच्या गोंदाचा चौकोन तेवढा उरला होता. तिने खाण्याचा डबा उघडला आणि एक चिमूट टाकली. पिवळा मासा झडप घालून आला, गिळून खाली वळला. तिने दुसरी टाकली, आजवर कधी न टाकलेली.

मासा वर आला आणि थबकला. चिमूट त्याच्या तोंडासमोरून बुडत चालली होती, आणि तो नुसता बघत होता.