काढ्याचं भांडं

तिसऱ्या दिवशीही समोरच्या दारातून सूपचा वास आला नाही.

वाई-लामने पुन्हा एकदा जाळीतून पाहिलं. माक आजींच्या दाराबाहेर चपला होत्या, म्हणजे त्या घरातच होत्या. एरवी सकाळी दहाच्या आत सगळ्या जिन्याला कळायचं, आज काय शिजतंय. उकाड्यात कोहळा, कोरड्या हवेत नाशपाती, दमट दिवसांत संत्र्याची जुनी साल टाकलेले मूग. मग वाडगा घेऊन आजी दारात. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात मुळ्या आणि साली तोलल्यावर शेजाऱ्यांच्या पोटाची काळजी मी नाही करायची तर कोणी, असं त्याच म्हणायच्या.

वाई-लामला त्याचा वैताग यायचा. आजी रोज तीन वर्षांच्या तुंग-तुंगला खिडकीशी नेऊन म्हणायच्या, "जीभ दाखव." मग निकाल लागायचा: पोरीला उष्ण पडलंय, तळलेलं बंद. वाई-लाम शिकलेली होती. पोरीचा ताप ती दिवसातून चारदा मोजायची, खोकल्याच्या वेळा फोनमध्ये लिहून ठेवायची, दवाखान्यात तोच प्रश्न तीनदा विचारून यायची. तरी आजी जीभ बघत असल्या की ती श्वास रोखून उभी राहायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

त्यात ते भांडं. पोरीचा खोकला हटेना तेव्हा आजींनीच आणून दिलेलं, काढा उकळायचं मातीचं भांडं. खोकला गेला, भांडं आठ महिने ओट्यावर बसून राहिलं. ती परत द्यायला गेली तर आजींनी तिला उंबऱ्याबाहेरच अडवलं. काढ्याचं भांडं कोणी परत करत नाही, म्हणाल्या, आजार दारात आणून ठेवल्यासारखं होतं. ज्याला गरज पडते तोच येऊन घेऊन जातो, आणि माझ्यावर ती वेळ न येवो. एकदा त्यात तिने अंडी उकडली, तर अर्धा तास बोलणी खाल्ली. या भांड्यात अन्न शिजवत नाहीत, एवढंही तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही का?

दार वाजलं तशी वाई-लाम जवळजवळ धावलीच.

आजी होत्या. केस नीट विंचरलेले, हात रिकामे. ग्वांगझूच्या त्या उकाड्यात अंगात लोकरीचं जाकीट. सवयीने त्यांनी तुंग-तुंगला खिडकीशी नेलं, जीभ पाहिली, लिची कमी दे म्हणाल्या. टोमणा मारला नाही. वाई-लामला त्याचाच धसका बसला.

मग ओट्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ते भांडं दे गं जरा. शेंगदाणे शिजवायचेत."

कधी एकदा हे घरातून जातंय, असं तिला आठ महिने झालं होतं. तिने भांडं उचललं, पुसलं, दारापर्यंत आणलं आणि ती थांबली.

शेंगदाणे.

आजींच्या जाकिटाच्या खिशातून दोऱ्याने बांधलेल्या पुडीचं टोक डोकावत होतं. आजींनी ते हाताने झाकलं.

वाई-लाम मागे वळली. भांडं तिने गॅसवर ठेवलं.

"भांडं इथून हलणार नाही. ती पुडी द्या इकडे."

"तुला जमायचं नाही," आजी म्हणाल्या. "तीन वाडगे पाण्याचा एक वाडगा करायचा असतो. तू फोन बघत बसशील आणि जाळून ठेवशील."

"मग रोज इथे येऊन बसा आणि माझ्यावर नजर ठेवा."

तुंग-तुंग एकदा आईकडे, एकदा आजींकडे बघत होती. शेवटी आजींनी पुडी काढून ओट्यावर ठेवली. वाई-लामने त्यांचा हात धरला आणि त्यांना हळूहळू खिडकीशी, उजेडात नेलं.

"जीभ दाखवा, आजी."

जिभेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते आजींना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी डोळे मिटले आणि लहान मुलासारखी जीभ बाहेर काढली.