सहावी पट्टी

निरीक्षकांनी सहावीतल्या पाच मुलांच्या कपाळाला पट्ट्या बांधल्या, तेव्हा तोरणेबाई निर्धास्त होत्या. तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायचं, ही शाळेची जुनी रीत त्यांनी चोख पाळली होती. चिमणी मेली तरी वर्गात रडत बसणारी गोदावरीही आज घरीच होती.

यंदा देशभरच्या नमुना चाचणीत वाचन नव्हतं, गणित नव्हतं. दुसऱ्याचं दुखणं पाहून पोटात कालवलं की पट्टी उजळायची, एवढंच मोजायचं होतं. पाचांवरून अख्ख्या शाळेचा निकाल लागे. नापास शाळेतली मुलं निवासी केंद्रात नेत, आणि तिथून परतलेलं मूल अजून कुणी पाहिलं नव्हतं.

निरीक्षकांनी टेबलाच्या खणात बोट धरलं आणि खण जोरात लोटला. ते ओरडले. बोटातून रक्त आलं.

पाचही पट्ट्या काळ्याच राहिल्या. पहिला नंबर कधी न सोडणाऱ्या निनादने हात वर केला. "सर, हा प्रश्न किती मार्कांना आहे?"

बाई लगबगीने पुढे आल्या. "साहेब, उद्या या हो. दुसरी मुलं बसवते."

"नमुना बदलता येत नाही, बाई. पण शिक्षकही त्यात धरतात." त्यांनी सहावी पट्टी बाईंच्या कपाळाला बांधली आणि ठेचलेलं बोट पुन्हा खणात ठेवलं. "बघा हं."

खण आपटला. साहेब विव्हळले. बाई त्या बोटाकडे डोळे फाडून बघत मनात एकच घोकत होत्या, पेट, मेले, एकदाची पेट!

समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांना आपलं कपाळ दिसलं. पट्टी काळीच होती.