दोन टोले

फाटकावरच्या घंटेचे दोन टोले पडले आणि बेकरीत एकच धांदल उडाली. कोपऱ्यात लोळणाऱ्या टोप्या डोक्यांवर चढल्या. भट्टीवाला हातमोजे शोधू लागला. पीठ मळायच्या मोठ्या मशीनवरची लोखंडी जाळी धाडकन खाली आली.

दोन टोले म्हणजे कामगार सुरक्षा खात्याच्या मॅडम आल्या. ही युक्ती मालकाची. जाळी उचलली की मशीन आपोआप थांबायचं, म्हणजे कुणाचा हात आत जायला नको. पण उघड्या मशीनमध्ये पीठ टाकणं सोपं, म्हणून कारागीर जाळीचा खटका सुतळीने बांधून ठेवत, म्हणजे जाळी वर असली तरी मशीन चालूच राही. मागच्या खेपेला मॅडमनी ती सुतळी नेमकी पाहिली. "पुन्हा दिसली तर मशीनला सील," एवढंच बोलून त्या गेल्या. मशीन एकच होतं. त्याला सील म्हणजे बेकरीलाच कुलूप. मालकाने त्याच दिवशी फाटकावर घंटा टांगली आणि वॉचमन मामांना बजावलं, "पांढरी गाडी दिसली की दोन टोले."

मामांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. हल्ली तर रोज टोले पडत. मालक पोट सावरत फाटकापर्यंत पळायचा आणि बघतो तर रस्ता मोकळा.

"पुढे गेली गाडी," मामा शांतपणे सांगायचे.

"मामा, चष्मा बदला आता."

"बदलतो की."

चष्मा काही बदलला नाही आणि टोलेही काही थांबले नाहीत. कधी सकाळी, कधी जेवून डोळा लागतो न लागतो तोच. आत कारागीर मेटाकुटीला आले. दर वेळी सुतळी सोडा, परत बांधा. शेवटी एकाने ती सुतळी पावाच्या गठ्ठ्याला गुंडाळली आणि विषय संपवला. मशीनवर नव्याने लागलेल्या मुलीला तर जाळी लावूनच काम करायची सवय झाली. पीठ टाकायला थोडा वेळ जास्त जायचा, इतकंच. पाव वेळेवर निघत होते, म्हणून मालकही थोडा कुरकुरला आणि गप्प बसला.

आणि एक दिवस, टोला नाही की चाहूल नाही, मॅडम थेट मशीनपाशी उभ्या. मालकाने मनातल्या मनात मामांना लाखोली वाहिली. मॅडमनी जाळी उचलली. मशीन थांबलं. त्यांनी खटका नीट चाचपून पाहिला.

"मी आले आणि कुणीच पळापळ केली नाही," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं." आणि चक्क हसल्या.

त्यांची गाडी वळणापार गेली तसा मालक फाटकाशी आला. रागवायचं होतं, पण चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरेना.

"मामा, त्या तुमच्या समोरून आत आल्या. घंटा का नाही वाजवलीत?"

"आता कशाला वाजवायची? जाळी तर लावलेलीच असते."

"मग इतके दिवस कसली वाजवत होता? रोज गाडी जायची का इथून?"

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"गाडी कसली, मालक. माझी लेक लागली ना त्या मशीनवर."