घोडेस्वाराचा चेहरा

"थुंकी? माझ्या आजोबांना थुंकी लावतेस?"

एल्बर्ट प्रुइट खुर्चीतून ताडकन उठला. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे कुरकुरले.

डेल्फीननं कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि चित्रातल्या घोड्याच्या खुरावर हलकेच फिरवला. "जुन्या चित्रावरचा मळ थुंकीनंच सुटतो, मिस्टर प्रुइट. आमच्या कामात सगळे हेच करतात."

"घोडा हवा तेवढा चाट. चेहऱ्याला हात लावायचा नाही."

लग्नाला साठ वर्षं होणार म्हणून त्याच्या बायकोनं, लॉइसनं, चित्र साफ करायचं खूळ काढलं होतं आणि त्या कामासाठी डेल्फीनला बोलावलं होतं. ओक्लाहोमातल्या त्या घरात शेकोटीच्या वर आजोबा लग्नाआधीपासून टांगलेले. गोरा गुलाबी चेहरा, निळा डगला, कमरेला तलवार, खाली तांबडा घोडा. अमेरिकन घोडदळातले शिपाई जोसाया प्रुइट. घरी कुणीही आलं की एल्बर्ट आधी आजोबा दाखवायचा.

या बाईचा मात्र त्याला पहिल्या दिवसापासून संशय. पडदे ओढून तिनं जांभळ्या दिव्याचा उजेड पाडला, तो नेमका चेहऱ्यावर. मग वहीत काहीतरी खरडलं. विचारलं तर म्हणे, काही नाही. काही नाही कसं? दुसऱ्या दिवशी पिशवीतून उग्र वासाची बाटली निघाली आणि एल्बर्ट खुर्ची ओढून चित्राला खेटून बसला. आजोबांचा चेहरा गेला तर उरलं काय?

"एल्बर्ट, तिच्या मानगुटीवर बसू नकोस," लॉइस स्वयंपाकघरातून ओरडली. "मक्याचा पाव झालाय, खायला ये."

"तूच आणलीस ही ब्याद! चित्र बिघडवणार ती, लिहून ठेव."

"बिघडू दे. तू काय कमी बिघडलायस?"

तिसऱ्या दिवशी तो औषधं आणायला गेला आणि तेवढ्यात घात झाला. परत आला तर डेल्फीनच्या हातातला बोळा गुलाबी, आणि आजोबांचा डावा गाल गडद तपकिरी.

"जाळलं! लॉइस, जाळलं हिनं!"

"जाळलं नाही. मिसेस प्रुइट म्हणाल्या, गालावर थोडं करून बघ," डेल्फीन म्हणाली. "मूळ रंग हाच आहे. गुलाबी नंतर कुणीतरी चोपडलाय, जांभळ्या दिव्यात तेव्हाच दिसलं होतं. तुमचे आजोबा काळे होते, मिस्टर प्रुइट. काळ्या शिपायांच्या वेगळ्या घोडदळ पलटणी असायच्या तेव्हा. बाकीचं काढू की थांबू?"

एल्बर्टला बायकोकडे बघायची हिंमत होईना.

"खोटं बोलतेय ही," तो कसाबसा म्हणाला. "लॉइस, शपथ, खोटं आहे."

लॉइस ॲप्रनला हात पुसत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याचा हात तिनं घट्ट धरला.

"काढ गं सगळं," ती डेल्फीनला म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी मी या घरात आले, तेव्हा तो गुलाबी रंग ओला होता, माझ्या बोटाला लागला. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला तेव्हा इथं कायद्यानं बंदी होती. साठ वर्षं वाट बघतेय, हा आपणहून कधी सांगतोय याची."