बद्द आवाज

ऊन आधी समोरच्या गच्चीवरच्या टाकीला लागले. तिथून घसरून ते खिडकीच्या चौकटीवर आले, गजांच्या सावल्या सोबत घेऊन आत उतरले, फरशीवरून सरकत काचेच्या कपाटाशी पोहोचले आणि थबकले. कपाटात वरच्या फळीवर चांदीचे पेले होते, खालच्या फळीवर चिनीमातीचे. जुन्या मद्यालयांतले, उंच, कानाचे आणि झाकणाचे. त्यांना टँकार्ड म्हणतात. उन्हाने एकेकाच्या पोटावरून हात फिरवला तशी निळी नक्षी जागी झाली, चांदीच्या कडा पेटल्या. खिडकीच्या गजावर एक चिमणी बसली होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती. ही सकाळ कोणीतरी कापसात गुंडाळून आणून ठेवली असावी, इतकी ती निवांत होती.

त्याने किल्ली फिरवली. बोटे गार पडली होती.

चिनीमातीचा पेला धड आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. केसाएवढा तडा झिलईखाली दडून बसतो. म्हणून पेला तळहातावर अलगद तोलायचा आणि काठावर नखाने टिचकी मारायची. धड पेला किणकिणतो आणि तो नाद हवेत बराच वेळ रेंगाळतो. तडा गेलेला बद्द वाजतो. रोज सकाळी खालच्या फळीवरचा एकेक पेला असा वाजवून बघणे, हे त्याच्या आयुष्यातले निर्भेळ सुख होते. आता त्याचीच धास्ती बसली होती. आधी पातळ काठाचा पेला गेला. मग वेलबुट्टीचा, मग हरणाच्या चित्राचा. कपाटाचे कुलूप जसेच्या तसे, किल्ली रात्रभर त्याच्या उशीखाली, आणि आत त्याचे पेले एकामागून एक तडकत चालले होते.

घरही पूर्वीचे राहिले नव्हते. मेहुणा नव्या नोकरीसाठी राहायला आला, त्याच सुमारास बायको खालच्या आवाजात बोलू लागली. दोघे भाऊबहीण स्वयंपाकघरात कुजबुजत बसायची. तो आत गेला की दोघेही त्याच्याकडे पाहत राहायची, जणू काही विचारून झाले आहे आणि उत्तर यायचे बाकी आहे. पूर्वी बायकोच्या चपलांची चाहूल दारापासून लागायची. हल्ली ती अचानक पाठीशी उभी असायची आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकायचा.

आज त्याने सर्वांत लाडका पेला उचलला. शिकारी आणि कुत्र्यांच्या चित्राचा. क्षणभर डोळे मिटले आणि टिचकी मारली.

बद्द.

त्याच वेळी खांद्यावर हात पडला. तो इतका दचकला की पेला निसटता निसटता वाचला.

"भावोजी, रोज सकाळी डॉक्टरसारखं ठोकून बघता यांना," मेहुणा वाकून म्हणाला. "एखाद्या दिवशी खोकतील हो बिचारे."

मागे दारात बायको होती. ती हसली, मेहुणा हसला. जरा उशिराने तोही हसला. मग त्याने पेला छातीशी धरला.

"दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"कसली किल्ली?"

"तू आलास आणि माझे पेले फुटायला लागले. आता हाही गेला. तू उद्यापासून दुसरीकडे खोली बघ."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहून गेले. बायको पुढे आली. ती चिडेल, रडेल, निदान भावाची बाजू घेईल, असे त्याला वाटले होते. तिने फक्त पेला त्याच्या हातातून काढून घेतला, उन्हात धरून फिरवून पाहिला आणि काठावर टिचकी मारली. मग भावाकडे पाहिले. मेहुण्याने मान खाली घातली.

"ताई, राहू दे," तो म्हणाला. "मी बघतो खोली."

तिने ऐकले नाही. पेला जागेवर ठेवून तिने वरच्या फळीवरचा चांदीचा पेला काढला आणि नवऱ्यासमोर धरला.

"हा वाजवा."

"तो कशाला? चांदीला पोचा पडतो. तडा जात नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांत त्याने वरच्या फळीला हात लावला नव्हता. गरजच काय, असे तो मनाशी म्हणत आला होता. मेहुण्याला एवढ्यात घराबाहेर काढता आले असते, दार लावता आले असते, म्हणजे हा पेला वाजवावा लागला नसता. पण बायको हात पुढे करून उभी होती. त्याने पेला तळहातावर घेतला आणि टिचकी मारली.

बद्द. त्याच्या तळहाताला मात्र थरथर कळत होती. बारीक, जिवंत, लांबत जाणारी. बायको मान कलती करून, ती संपण्याची वाट पाहत उभी होती. त्याला वडील आठवले. शेवटची वर्षे ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असत आणि घरातले सगळे हसून झाले की हसत.

त्याने खिडकीकडे पाहिले. चिमणीची चोच अजून उघडत होती, मिटत होती.

पेले सगळे धड होते. त्याला ऐकू येत नव्हते.