भांडता येतंय तोवर

सून चहा घेऊन आत येण्याआधी आजींनी थर्मामीटर झटकून पारा खाली आणला.

"किती आहे?"

"काही नाही. थोडी कणकण आहे, उतरेल."

सुनेने कपाळाला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. आज कामाचं नावही काढू नका, असं बजावलं. या वयात कामाची हौस ती काय, हेही ऐकवलं. आजींनीही सोडलं नाही. चहात साखर कमी आहे इथपासून सुरुवात करून त्यांनी सुनेला बरंच सुनावलं, आणि मनातून त्यांना बरं वाटलं. त्यांच्या आईची एकच कसोटी होती. सकाळी उठून भांडता येत असेल, तर माणूस कामावर जायला ठीक आहे.

शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात आजींची उमेदीची सारी वर्षं गेली ती याच कसोटीवर. यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीशी ओरडून बोलायचं, कुणाचं डोकं दुखत असेल तर तिच्या वाटणीच्या कॉलर आपण जोडून द्यायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा आजी घरात बसून सुकायला लागल्या.

मग हे नवं काम मिळालं. काम हलकं, भोवती नातवंडांच्या वयाची मुलं. सकाळी पुन्हा आरशात बघावंसं वाटू लागलं. पण आज तिथे बाहेरगावचे मोठे लोक यायचे होते. ऐन वेळी दांडी मारली तर दुसरी बाई घेतील, आणि एकदा घेतली की ती कायमचीच. आजींना धास्ती होती ती तेवढीच.

"निदान डॉक्टरांना तरी दाखवा," सून म्हणाली. "मी येते सोबत."

"तू तुझं ऑफिस गाठ. मी जाते एकटी."

सून निघाली, आणि आजींनी इस्त्रीचे कपडे काढले.

तासाभराने त्या पडद्याआड एका अरुंद खाटेवर पडल्या होत्या. समोर पांढऱ्या कोटातली तरुण मुलगी उभी होती. कोपऱ्यात दोन वयस्कर डॉक्टर कागद-पेन घेऊन बसले होते.

रात्रीपासून पोटात उजवीकडे कळ येते, अन्न नको वाटतं, असं आजींनी सांगितलं.

"हात गार आहेत माझे, आजी, सांभाळून घ्या." मुलीने उजवीकडे दाबलं तशा आजी कळवळल्या. उलटी झाली का, दुखणं आधी कुठे सुरू झालं, ती विचारत गेली. मधेच खोकल्याची उबळ आली, ती आजींनी रुमालात दाबली. मुलीने नाडी धरली, आणि सोडायचं विसरूनच गेली. मग कपाळाला हात लावला. पाठीवर नळी ठेवून खोल श्वास घ्यायला लावला.

आजींनी हळूच मान हलवली, सांगू नको म्हणून.

मुलगी कोपऱ्याकडे वळली. "सर, परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर अपेंडिक्स आहे. ते दुखणं आजी फार छान वठवतात. पण ताप त्यांचा खरा आहे, छातीत कफही आहे. यांना घरी सोडायला हवं."

थोरल्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"तू पास," ते म्हणाले. "आजी नापास. त्यांना औषध देऊन घरी पाठवा, आणि पुढच्या परीक्षेला पेशंट म्हणून मला याच आजी हव्यात."